काजूची बी आणि संशोधनाचा प्रस्ताव

संशोधनाचा प्रस्ताव मी शेवटाकडून वाचते. आधी अंदाजपत्रक, मग वेळापत्रक, प्रश्नावली जोडली असेल तर ती, आणि सगळ्यात शेवटी शीर्षक. माझी सगळी नोकरी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवण्यात गेली. निवृत्तीच्या आधी काही वर्षं लघुसंशोधन प्रकल्पांच्या छाननीला बोलावणं येई, तिथे ही सवय लागली. शीर्षकं सगळी एका साच्यातली असतात: अमक्या योजनेचा तमक्या घटकावरील परिणाम, एक चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ आपलाच तालुका. अंदाजपत्रक मात्र माणसाला उघडं पाडतं. पहिल्या ओळीत लॅपटॉप-प्रिंटर, दुसऱ्या ओळीत संदर्भग्रंथ आणि ‘क्षेत्रभेटीसाठी प्रवास’ याच्यापुढे एक गोल आकडा दिसला, की समजायचं, कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात, कोणाला काय विचारायचं हे अजून ठरलेलंच नाही. ज्याचं ठरलेलं असतं त्याच्या कागदावर बांद्यापर्यंतचं एसटीचं भाडं असतं, पुढे रिक्षा असते कारण दुपारची गाडी नाही, आणि सोबतच्या विद्यार्थ्यांचं मानधन दिवसावारी काढलेलं असतं.

‘मॅडम, एखादा विषय सुचवा ना’ असे फोन अजूनही येतात. जाहिरात निघाली की सुरू होतात आणि शेवटची तारीख जवळ येईल तसे वाढतात. म्हणजे आधी पैशाची बातमी येते, मग त्या पैशाला शोभेल असा प्रश्न शोधायचा. नोटाबंदीनंतर सगळ्यांना रोकडविरहित व्यवहारांचं कुतूहल वाटू लागलं, २०२१ मध्ये कोविडचं, पुढे नव्या शैक्षणिक धोरणाचं, आणि आता प्रत्येकाला कृत्रिम बुद्धिमत्तेचा ग्रामीण भागावर होणारा परिणाम अभ्यासायचा आहे. यात तरुण प्राध्यापकांना नावं ठेवायला मी तयार नाही. पदोन्नतीच्या फॉर्ममध्ये प्रकल्पाचा रकाना असतो, प्राचार्यांना नॅकच्या अहवालासाठी आकडा हवा असतो आणि जाहिरातीतच ‘प्राधान्याचे विषय’ छापलेले असतात. पण अशा विषयांची एक खोड आहे. त्यांचं उत्तर आधीच माहीत असतं. योजनेचा काहीही परिणाम झाला नाही, असं सांगणारा अहवाल माझ्या टेबलावर कधी आला नाही. ‘सकारात्मक परिणाम दिसून येत असला तरी अनेक आव्हाने आहेत’ हे वाक्य मात्र इतक्या वेळा वाचलं, की पुढे पुढे मी त्याच पानावरून सुरुवात करू लागले.

असाच एक तरुण माझ्याकडे आला. दोडामार्गच्या बाजूचा, तासिका तत्त्वावर शिकवणारा, नेट झालेला. हातात प्रस्ताव, विषय ‘डिजिटल पेमेंट व ग्रामीण अर्थव्यवस्था’. पुढचं शीर्षक तुम्ही पूर्ण करू शकाल.

“हे तुला खरंच जाणून घ्यायचंय?” मी विचारलं.

“तसं नाही मॅडम, पण यंदा जाहिरातीत तेच आहे.”

“घरी काय करता?”

“काजू आहे थोडा. आई बघते.”

“बी कुठे घालता?”

“गावातल्या दुकानावर.”

“दर बाजाराचाच मिळतो?”

“नाही, थोडा कमी.”

“मग बाजारात का नेत नाही?”

तो गप्प झाला. मग म्हणाला, “आईला विचारायला लागेल.” चार दिवसांनी फोन आला. आईचं उत्तर त्याने तिच्याच शब्दांत सांगितलं: “दर बघून कोण विकता? पैशे व्हये तेव्हा बी विकूची.”

या एका वाक्यात अर्थशास्त्राचा एक प्रश्नच उभा आहे. काजूचा हंगाम साधारण मार्च ते मे. त्याच सुमारास आगोटीचं, म्हणजे पावसाळ्यासाठीचं, सामान भरायचं असतं, घराची डागडुजी असते, जूनमध्ये शाळा सुरू होतात. गावचा दुकानदार वर्षभर किराणा उधार देतो आणि हंगामात त्याच्या पोटी बी घेतो. मग जी घरं दुकानाच्या वहीत अडकली आहेत त्यांना दर वेगळा मिळतो का? त्यातून दोडामार्ग गोव्याला अगदी लागून. गोवा सरकार तिथल्या शेतकऱ्यांना काजूबीसाठी आधारभूत किंमत देतं, २०२३ मध्ये ती किलोला १५० रुपये झाली. झाडं अलीकडे-पलीकडे सारखीच, बऱ्याच ठिकाणी वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काढलेल्या जातींची. मधे फक्त राज्याची हद्द. मग हद्दीला चिकटलेल्या गावातला दुकानदार आतल्या गावापेक्षा जास्त दर सांगतो का? आणि सांगत असेल, तर तो उधारी असलेल्या घरापर्यंत पोहोचतो का?

आठवडाभर आम्ही या प्रश्नाला तासलं. दोन गावं हद्दीजवळची, दोन आतली. प्रत्येक गावात वहीवाली घरं आणि रोखीवाली घरं. एकाच आठवड्यात कोणाच्या बीला काय दर मिळाला, याची नोंद पूर्ण हंगामभर. यात उत्तर ‘काहीच फरक नाही’ असंही येऊ शकतं, आणि तसं आलं तरी ती माहितीच आहे. माझ्या लेखी विषय चांगला असण्याची ही पहिली खूण. संशोधकाचा अंदाज साफ खोटा ठरेल अशी वाट त्यात मोकळी असली पाहिजे. दुसरी खूण म्हणजे प्रश्न ज्याच्या घरातून आला त्याला तो समजला पाहिजे. त्याच्या आईला समजला. तिने वर एक भर घातली, की वजनही बघा. म्हणून अंदाजपत्रकात ताणकाटा आला. सगळा खर्च पन्नास हजारांच्या आत बसला: प्रवास, दोन विद्यार्थी, झेरॉक्स आणि ताणकाटा. लॅपटॉप नव्हता.

एवढासा विषय घेऊन संशोधन होतं का, असं कोणी विचारलं तर मी दोन जुनी उदाहरणं देते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर हे पवनेकाठचं एकच गाव निवडलं. कोणाची जमीन किती, तिचे तुकडे किती, कोणावर कर्ज किती आणि नुसत्या शेतीवर घर चालतं का, हे त्यांनी सहकाऱ्यांसह घरोघर जाऊन मोजलं. १९१७ साली त्याचं पुस्तक झालं. आज त्या गावात उंच इमारती आहेत. तिथे पूर्वी माणसं कशी जगत होती, हे आकड्यांसह सांगू शकणारं ते पुस्तक आहे. दुसरं उदाहरण धनंजयराव गाडगीळांचं. साताऱ्याचे रावबहादुर काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या प्रकाशनांपैकी एक, १९३३ चं, कशावर होतं? पुणे शहरातल्या फळांच्या विक्रीवर. आजच्या छाननी समितीपुढे ‘पुण्यातील फळविक्री’ हे शीर्षक टिकलं असतं का, याची मला शंका आहे. कोणीतरी नक्की विचारलं असतं, यात राष्ट्रीय महत्त्व काय? फळांच्या टोपल्या मोजणारे हेच गाडगीळ पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही. सदस्य सचिव होते जे. पी. नाईक. समाजशास्त्रांना सरकारी पैसा देणारी देशातली मुख्य संस्था दोन मराठी माणसांनी उभी केली, हे आपल्याकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही फारसं सांगितलं जात नाही.

प्रश्न कामातून कसा उगवतो, याचं आमच्या कोकणातलं उदाहरण डॉ. हिंमतराव बावस्करांचं. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांच्यापुढे लाल विंचू चावलेले रुग्ण येत आणि त्यांतले बरेच दगावत. त्यांनी प्रत्येकाची लक्षणं बारकाईने लिहून ठेवली. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती निरीक्षणं छापून आली, पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी या रुग्णांना देऊन पाहिलं आणि मृत्यूचं प्रमाण कमालीचं घटलं. हे उदाहरण मात्र मी जरा भीतभीतच देते. कारण ते ऐकलं की सभागृहातला एखादा पदाधिकारी हमखास उठून म्हणतो, बघा, इच्छा असली की पैसे लागत नाहीत. पैसे लागतात. एखाद्या डॉक्टरने ते स्वतःच्या झोपेतून आणि खिशातून काढले म्हणून सगळ्यांनी तसेच काढावेत, असं धोरण होऊ शकत नाही.

जुन्या मंडळींनाही पैशाची चिंता होतीच. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी १९१६ मध्ये नागपुरात चक्क लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवले आणि १९२० ते १९२९ या काळात त्याचे २३ खंड काढून दाखवले. भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमागे औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं अर्थसाहाय्य होतं. १९१९ मध्ये सुरू झालेलं ते काम १९६६ मध्ये पुरं झालं. तीन वर्षांत अहवाल, दर सहा महिन्यांनी प्रगतीचा तक्ता, या हिशेबात ते बसलंच नसतं. पण भाग विकत घेणारा वकील असो की संस्थानिक, त्याला हे काम काय आहे ते मराठीत समजावून सांगितलं होतं आणि त्याला ते पटलं होतं, ही यातली मला महत्त्वाची वाटणारी बाब. आज मोठ्या कंपन्यांना सामाजिक दायित्वापोटी नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात. आमच्या भागात त्यातून पाण्याच्या टाक्या येतात, शाळेची बाकं येतात, आणि ती यायलाच हवीत. काजूच्या दराच्या नोंदींना मात्र कोणी पैसे देत नाही. नोंदवहीचं उद्घाटन करून फोटो काढता येत नाही ना!

आता सरकारी पैशाकडे येऊ. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के, हा २०२०-२१ चा आकडा. यावर अग्रलेख पुष्कळ झाले आहेत. मी त्यात भर घालत नाही. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये, त्यांतले ३६,००० कोटी सरकारबाहेरून उभारायचे, असा त्याचा आराखडा. मोठ्या प्रयोगशाळांसाठी, महागड्या उपकरणांसाठी ते हवंच. माझी तक्रार दुसऱ्या टोकाची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची लघुसंशोधन प्रकल्पांची योजना बाराव्या पंचवार्षिक योजनेनंतर मावळली. त्या योजनेत लॅपटॉपवाले प्रस्ताव होतेच, मीच ते वाचलेत. पण तालुक्याच्या गावातला एखादा खरा जिज्ञासू त्यातूनच पहिल्यांदा क्षेत्रभेटीला जायचा. ती पहिली पायरीच निघाली. काही विद्यापीठं आपापल्या निधीतून थोडं देतात, पण त्यासाठी मान्यताप्राप्त, नियमित शिक्षक असावं लागतं. आणि महाराष्ट्रातल्या कॉलेजांत नियमित शिक्षक उरलेत किती? पदं वर्षानुवर्षं रिकामी, वर्ग तासिका तत्त्वावरची मुलं-मुली सांभाळतात. त्यांना तासाला पैसे मिळतात, सुटीत तेही नाहीत. गावात राहणारी, गावची बोली बोलणारी, प्रश्नाच्या सगळ्यात जवळ असलेली हीच माणसं, आणि अर्जाच्या पहिल्याच रकान्यात ती बाद होतात.

माझ्या त्या तरुणाचंही तेच झालं. शेवटी एका कायम प्राध्यापकाच्या नावाने अर्ज गेला आणि हा कागदावर ‘प्रकल्प सहायक’ झाला. प्रस्ताव मंजूर झाला. मंजुरीचं पत्र हिवाळ्यात आलं, पैसे आले ते पाऊस सुरू झाल्यावर. तोवर झाडावर बी नव्हती आणि दुकानात दर नव्हता. उलट आता ३१ मार्चच्या आत रक्कम खर्ची पडली पाहिजे आणि विनियोग प्रमाणपत्र गेलं पाहिजे, म्हणजे पुढचा हंगाम ऐन भरात येण्याआधी! त्याने पहिला हंगाम पदरच्या पैशांवर काढला, चारऐवजी दोन गावांत. दोन गावांवरून निष्कर्ष काढू नयेत, हे त्याला मी बजावलं आहे. तरी एक गोष्ट इथे नोंदवते. दर वहीवाल्या आणि रोखीवाल्या घरांना जवळपास सारखाच सांगितला जाई. ताणकाट्याने मात्र दोघांची वजनं वेगळी दाखवली. हे मोठ्या पाहणीत टिकेल की नाही ते बघायचं आहे. पण हा धागा अर्थशास्त्राच्या मास्तरांच्या नजरेतून सुटला होता, आणि बी विकणाऱ्या बाईच्या नव्हता.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. राज्य सरकारने, किंवा सगळ्या विद्यापीठांनी मिळून, वर्षाला पन्नास-पन्नास हजारांचे १,००० प्रकल्प द्यावेत. हिशेब पाच कोटींचा. ३६ जिल्ह्यांत वाटले तर जिल्ह्याला २७-२८ येतील. अर्ज दोन पानांचा, मराठीत. पहिल्या पानावर प्रश्न, आणि त्याचं उत्तर अंदाजाच्या उलट आलं तर ते कशावरून कळेल याचं स्पष्टीकरण. दुसऱ्या पानावर गावांची नावं, महिने आणि खर्च. आधीच्या अभ्यासांचा आढावा हवा, पण तो इंटरनेटवरून उतरवलेल्या वीस पानांचा नको. या प्रश्नावर आजवर कोणी काय मोजलं आणि काय मोजायचं राहिलं, एवढं दहा ओळींत सांगता आलं पाहिजे. ज्याला ते दहा ओळींत सांगता येत नाही, त्याला वीस पानांतही सांगता आलेलं मी पाहिलेलं नाही. तासिका तत्त्वावरचे शिक्षक, पदव्युत्तर विद्यार्थी, कोणीही अर्ज करावा, कॉलेजने फक्त हिशेब सांभाळावा. अहवाल मराठीत लिहून आधी त्या गावच्या ग्रामसभेत वाचावा आणि तिथे निघालेले आक्षेप शेवटी जोडावेत. तज्ज्ञांच्या समितीपेक्षा ती परीक्षा अवघड जाईल, हे मी अनुभवाने सांगते.

पैसे वाया जातील, असा आक्षेप येईल. काही जातील. आम्ही मंजूर केलेल्यांतले कितीतरी अहवाल कॉलेजच्या कपाटात गेले, कोणी उघडलेही नाहीत. फसवणूक टाळायची तर पावत्या मोजण्यापेक्षा नोंदवह्या मागाव्यात. खरी क्षेत्रभेट झालेली वही ओळखू येते: मधेच शाई बदललेली असते, एखाद्या घरापुढे ‘कोणी नव्हते, परत जाणे’ असं लिहिलेलं असतं. खोटी वही एका बैठकीत, एका पेनाने, सुवाच्य अक्षरात लिहिलेली असते.

दुसरी गोष्ट तारखेची. आर्थिक वर्ष सगळ्या राज्याला एक असलं तरी हंगाम एक नाहीत. आमच्याकडे पैसे फेब्रुवारीच्या आत हातात पडले पाहिजेत आणि खर्चाची मुदत जूनअखेरपर्यंत असली पाहिजे. बीडमध्ये ऊसतोड मजुरांचा अभ्यास करायचा असेल तर टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. त्यांना उचल किती मिळाली हे विचारायचं तर त्याआधी विचारायला हवं, आणि परतल्यावर पुन्हा. लासलगावच्या कांद्याचं गणित वेगळं, विदर्भातल्या कापसाच्या वेचणीचं वेगळं. जिल्ह्यानुसार अनुदानाची तारीख ठरवणं हे काम एका कारकुनाला आठवड्याभरात जमण्यासारखं आहे. पत्रक काढायला पैसाही लागत नाही. यंदा ते निघालं, तर दोडामार्गची उरलेली दोन गावं पुढच्या मार्चमध्ये होऊ शकतील.